डोझरच्या एका तासाची खरी किंमत : सीमेवरच्या यंत्रांच्या देखभालीचा हिशोब पायरीपायरीने

झोजिला घाट साडेअकरा हजार फुटांच्या आसपास आहे. पूर्वी तो हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद राहायचा. २०२३ साली सीमा रस्ते संघटनेने, म्हणजे बीआरओने, तो ६८ दिवसांत १६ मार्चला उघडला. बातमीत दिवसांचा आकडा आला, फोटोत बर्फाच्या भिंती आल्या. त्या भिंती कापणाऱ्या यंत्रांचा तासाचा खर्च किती, हे मात्र कुठे आलं नाही. आणि खरं सांगायचं तर साइटवरच्या माणसाला विचारलं तरी तो सहसा डिझेलचा आकडा सांगेल, फार तर गेल्या महिन्यात आलेल्या सुट्या भागांचं बिल दाखवेल.

यात त्याचा दोष नाही. लष्करी यंत्रांची देखभाल स्वस्त दिसते, कारण तिचं बिल पाच वेगवेगळ्या खिशांतून भरलं जातं. नवं यंत्र भांडवली हेडमधून, म्हणजे मोठ्या खरेदीच्या खात्यातून येतं, सुटे भाग महसुली हेडमधून, म्हणजे रोजच्या खर्चाच्या खात्यातून. डिझेल पुरवठ्यातून मिळतं, पगार पगाराच्या हेडमध्ये असतो आणि ट्रेलर दुसऱ्याच युनिटचा असतो. प्रत्येक खिशाचा मालक आपापलं बघतो. पाचही आकडे एका कागदावर आणणारा कोणी नसतो. तो कागद कसा बनवायचा, हे पुढे सांगतो.

हे लिहिताना तीन वाचक डोळ्यांपुढे आहेत. एक, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधून किंवा दिघीच्या ग्रेफ (बीआरओचं अभियंता दल) सेंटरमधून बाहेर पडून प्लांटची, म्हणजे यंत्रसामग्रीची, जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेला. दोन, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीतून, निवृत्त होऊन कंत्राटदाराकडे प्लांट सांभाळणारा. आपल्याकडे असे बरेच जण आहेत. तीन, सीमेवरचं काम घेतलेला स्वतः कंत्राटदार. उदाहरणांतले रुपये मी हिशोबाच्या सोयीसाठी धरले आहेत. तिथे तुमचे आकडे घाला, रीत तीच राहील.

पायरी १ : एक यंत्र, एक कागद, एक अवरमीटर

प्रत्येक यंत्राचा वेगळा कागद करा. "डोझर, तीन नग" असा एकत्र हिशोब ठेवलात तर तिघांतला खाणारा कोण, हे कधीच कळणार नाही. कागदावर रोज फक्त चार गोष्टी लिहायच्या : अवरमीटरचं (यंत्र किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं) वाचन, भरलेलं डिझेल, यंत्र चालू होतं की बंद, आणि बंद असेल तर कशासाठी. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. "व्हीओआर" (व्हेइकल ऑफ रोड, म्हणजे बंद) एवढंच लिहून भागत नाही. भाग नाही म्हणून, मेकॅनिक नाही म्हणून, ऑपरेटर रजेवर म्हणून की रस्ता बंद म्हणून, ते लिहा. हंगाम संपल्यावर याच रकान्यातून निम्मी उत्तरं निघतात.

अवरमीटर बंद पडलेला असतो, हे मला ठाऊक आहे. तो आधी दुरुस्त करा. साऱ्या यंत्रावर एवढ्या कमी पैशात इतकं कमावून देणारा दुसरा भाग नाही. तोवर डिझेलवरून तास काढा. मध्यम कामात यंत्र तासाला २० लिटर पितं हे एकदा मोजून ठरवलंत, तर १४० लिटरचे ७ तास. हा अंदाज ढोबळ आहे, पण कोऱ्या रकान्यापेक्षा बरा.

एक गंमत. ग्रेफमध्ये "ओईएम" म्हणजे ऑपरेटर एक्स्कॅव्हेटिंग मशिनरी, म्हणजे यंत्र चालवणारा माणूस. बाहेरच्या उद्योगात "ओईएम" म्हणजे यंत्र बनवणारी कंपनी. "ओईएमला विचारून घ्या" असं पत्र आलं, तर कुणाला विचारायचं ते आधी बघा. माझं म्हणाल तर दोघांनाही विचारावं, आणि चालवणाऱ्याला आधी.

पायरी २ : उभ्या यंत्राचा खर्च

समजा डोझर १ कोटी २० लाखांचा आहे आणि शेवटी लिलावात २० लाख येतील. झीज १ कोटीची. पुस्तकात आयुष्य १०,००० तास धरलं, तर तासाला १,००० रुपये.

इथेच पहिली फसगत होते. उंचावरच्या साइटवर १०,००० तास होतात कधी? हंगाम मे ते ऑक्टोबर. सहा महिने, महिन्याला २५ दिवस, दिवसाला ६ तास धरले तर ९०० तास. त्यातला ७० टक्के वेळ यंत्र उपलब्ध असेल, तर ६३०. या गतीने १०,००० तासांना सोळा वर्षं लागतील, आणि तोवर रबर, वायरिंग, सील आणि त्या मॉडेलचे सुटे भाग, सगळंच संपलेलं असेल. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीतही माती हलवणाऱ्या यंत्रांचं आयुष्य ९ वर्षं धरलं आहे. आपण १० वर्षं धरू : ६,३०० तास, तासाला १,५८७ रुपये. पुस्तकी आकड्याच्या दीडपटीहून जास्त.

दुसरी गोष्ट अडकलेल्या पैशाची. सरकार यंत्रासाठी बँकेचा हप्ता भरत नाही, म्हणून व्याज कुणी लिहीत नाही. पण तो पैसा कुठे तरी अडकलेला आहेच. अमेरिकेच्या लष्कराचा अभियंता विभाग बांधकाम यंत्रांच्या तासाच्या दरांची प्रदेशवार पुस्तकं काढतो. तिथे मालकीचा खर्च आणि चालवण्याचा खर्च वेगळे मांडलेले असतात, आणि मालकीच्या खर्चात झिजेबरोबर पैशाची किंमतही धरलेली असते. ही सवय उचलण्यासारखी आहे. सोपी रीत अशी : खरेदी आणि विक्रीची सरासरी ७० लाख, त्यावर ७ टक्क्यांनी वर्षाला ४ लाख ९० हजार. ६३० तासांनी भागलं की ७७८ रुपये.

म्हणजे स्टार्टर दाबण्याआधीच तासाला २,३६५ रुपये लागले.

पायरी ३ : डिझेल, तेल आणि थंडी

२० लिटर, ९५ रुपये दराने १,९००. डिझेल पुढच्या ठाण्यापर्यंत नेण्याचा खर्च लिटरला १० रुपये धरला तर आणखी २००. एकूण २,१००. तेल, ग्रीस, फिल्टर मिळून डिझेलच्या साधारण १२ टक्के, म्हणजे २५० रुपये. हे सगळ्यांनाच येतं. न लिहिला जाणारा खर्च थंडीचा आणि उंचीचा आहे.

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी घटते. लेह ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे तिथेच तिसरा हिस्सा गेला. टर्बो असलेलं यंत्र बरंच तगतं, पण तेही फुकट नाही : टर्बो तापतो, आणि पातळ हवेत रेडिएटरही कमी थंड करतो. म्हणून तासाचा खर्च काढून थांबू नका, घनमीटरचा काढा. खाली तासाला १५० घनमीटर ढकलणारा डोझर वर १०० ढकलत असेल, तर तासाचा दर तोच राहूनही घनमीटर दीडपट महाग झाला. कंत्राटदारांनो, पुण्याजवळच्या कामाचे दर घेऊन लडाखची निविदा भरणारे इथेच बुडतात.

साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. त्याआधीचा आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणारा उपाय म्हणजे रात्रभर इंजिन चालू ठेवणं. याचा हिशोब करा : तासाला ४ लिटर, १० तास, ९५ रुपये, म्हणजे एका रात्रीचे ३,८०० रुपये. शंभर रात्रींचे ३ लाख ८० हजार. शिवाय रिकामं इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं डिझेल तेलात उतरतं आणि अवरमीटरवर हजार खोटे तास चढतात, त्यामुळे सर्व्हिसही अवेळी येते. इंजिन हीटर, बॅटरी रात्री उबदार जागी ठेवणं आणि योग्य ग्रेडचं तेल या तीन गोष्टी मिळून या रकमेच्या थोड्याशा भागात होतात. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते. सकाळी स्टार्टर जळतो त्याचं कारण बहुधा स्टार्टरमध्ये नसतं.

धूळ हा लडाखचा दुसरा शत्रू. एअर फिल्टर रोज काढून जोरात हवा मारणं म्हणजे देखभाल, असा एक गैरसमज आहे. प्रत्येक वेळी फिल्टर काढताना थोडी धूळ आत जाते, आणि जोराच्या हवेने कागद फाटतो. डॅशबोर्डवरचा इंडिकेटर सांगेल तेव्हाच हात लावा. तेल बदलताना नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय असेल तर जरूर पाठवा : सिलिकॉन वाढलं तर धूळ आत शिरते आहे, लोह वाढलं तर आत काही तरी झिजतं आहे. एका तपासणीचा खर्च इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे चहापाण्याएवढा.

पायरी ४ : चेन, म्हणजे खरा खाणारा

क्रॉलर, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणाऱ्या, डोझरच्या दुरुस्तीचा जवळपास निम्मा पैसा खालच्या भागात जातो, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. चेन, पिन-बुश (कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांवरच्या नळ्या), रोलर, आयडलर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), शू. इंजिनाबद्दल सगळे बोलतात. चेनकडे ती तुटेपर्यंत कुणी बघत नाही.

हिशोब : पूर्ण संच १४ लाखांचा, खडकाळ साइटवर ३,५०० तास चालला, तर तासाला ४०० रुपये. तोच ४,५०० तास चालवलात तर ३११. वरचे एक हजार तास मिळवायला नवा पैसा लागत नाही, सवयी लागतात.

पहिली सवय ताणाची. चेन घट्ट असली की "टाइट आहे, छान आहे" असं वाटतं. प्रत्यक्षात घट्ट चेन पिन-बुश आणि स्प्रॉकेट झपाट्याने खाते. वरच्या बाजूला पट्टी धरून झोळ मोजा आणि पुस्तकातल्या मापाशी जुळवा. हे यंत्र धुऊन नव्हे, साइटवर जसं चिखल-मातीत चालतं तसंच असताना करायचं, कारण स्प्रॉकेटमध्ये माती ठासली की चेन आपोआप ताणली जाते.

दुसरी, रिव्हर्सची. बुशची जास्त झीज उलट जाताना होते, आणि वेगात जाताना तर फारच. ढकलायचं हळू आणि मागे यायचं सुसाट, ही ऑपरेटरची खोड सुटली तरच फरक पडतो. कामाची आखणी अशी करा की मागे यायचं अंतर कमी राहील. सारखं एकाच बाजूला वळत असाल, तर दोन्हीकडची झीज वेगवेगळी होईल.

तिसरी, पिन-बुश फिरवण्याची. बुश एका बाजूनेच झिजतो. वेळेवर अर्धा फेरा दिला, की कोरी बाजू कामाला येते आणि संच पुन्हा बराच चालतो. पण "वेळेवर" याला अर्थ आहे. झीज मर्यादेपलीकडे गेली, बुशला तडा गेला, की फिरवण्यासारखं काही उरत नाही. म्हणून दर २५० तासांच्या सर्व्हिसला चार कड्यांचं अंतर मोजून कागदावर लिहा. तीन-चार नोंदी झाल्या, की फिरवायची तारीख तुम्हीच दोन महिने आधी सांगू शकाल. उंचावर हे सोनं आहे, कारण चेन-प्रेस खाली वर्कशॉपमध्ये असतो. हंगामाच्या मध्यात फिरवायची वेळ येणार असेल, तर ती हंगामाआधीच फिरवा.

आणि चौथी, संध्याकाळची. काम संपल्यावर फावड्याने चेनमधली माती काढा आणि यंत्र फळ्यांवर उभं करा. रात्री चिखल गोठला, की सकाळी चेन जमिनीलाच चिकटलेली असते. मग ऑपरेटर जोर लावतो, आणि फायनल ड्राइव्हचा, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरसंचाचा, आवाज बदलतो.

पायरी ५ : "फुकट" माणसं आणि "फुकट" ट्रेलर

ऑपरेटर, हेल्पर आणि मेकॅनिकचा वाटा मिळून वर्षाला ९ लाख धरा. यंत्र चालो वा न चालो, पगार होतोच. ६३० तासांनी भागले की १,४२९ रुपये. "जवान तर आहेतच, त्यांचा वेगळा खर्च कुठे?" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. खर्च असा : तोच मेकॅनिक जुन्या डोझरखाली तीन दिवस आडवा असेल, तर तिकडे कंप्रेसरची सर्व्हिस राहते. त्याचा वेळ फुकट नाही, दुसऱ्या यंत्राकडून उसना घेतलेला आहे.

सुटे भाग आणि किरकोळ दुरुस्ती वर्षाला ४ लाख, म्हणजे ६३५ रुपये. यंत्र ट्रेलरवर वर्कशॉपला नेणं-आणणं वर्षातून दोनदा, फेरीला ६०,०००, म्हणजे १९० रुपये. घाटात हे आकडे सहज वाढतात. जिथे रस्ताच नाही तिथे तर गणितच बदलतं : उत्तराखंडच्या जोहार खोऱ्यात मुनस्यारी-मिलम रस्त्यासाठी बीआरओने २०२० मध्ये अवजड यंत्रं हेलिकॉप्टरने वर पोचवली. अशा यंत्राच्या बाबतीत "बिघडलं तर खाली नेऊ" हा पर्यायच नसतो. जे काही करायचं ते वरच.

आता बेरीज. झीज १,५८७, पैशाची किंमत ७७८, डिझेल २,१००, तेल-फिल्टर २५०, चेन ४००, माणसं १,४२९, सुटे भाग ६३५, ट्रेलर १९०. एकूण ७,३६९ रुपये.

वर्कशॉपच्या वहीत यातले दिसतात किती? तेल, चेन आणि सुटे भाग : १,२८५. खरा खर्च त्याच्या पावणेसहा पट. त्यामुळे "देखभालीत दहा टक्के कपात" असा आदेश येतो, तेव्हा कपात १,२८५ वर होते आणि तिचा फटका ७,३६९ वर बसतो.

उलटं करून बघा. सुट्या भागांवर वर्षाला दीड लाख जास्त खर्च केले आणि उपलब्धता ७० वरून ८५ टक्क्यांवर नेली, तर वर्षाचे तास ७६५. तेच सगळे आकडे पुन्हा भागले, तर तासाचा खर्च ६,७५० येतो. दीड लाख जास्त घालूनही तासाला ६१९ रुपये कमी, आणि त्याच हंगामात १३५ तासांचं काम जास्त. लेखा विभागाकडे जायचं तर याच दोन ओळी घेऊन जा, तक्रारी नकोत.

पायरी ६ : थांबलेल्या दिवसाची किंमत काढा, मग भाग साठवा

डोझर एकटा थांबत नाही. त्याच्यामागे एक्स्कॅव्हेटर, चार टिप्पर, कंप्रेसर आणि मजुरांची टोळी थांबते. या सगळ्यांचा उभा खर्च दिवसाला ४०,००० धरू. ९,००० रुपयांचा वॉटर पंप वर यायला १२ दिवस लागले, तर तो पंप ४ लाख ८० हजारांना पडला.

म्हणून कोणता भाग जवळ ठेवायचा हे भागाच्या किमतीवरून ठरवू नका. तीन आकडे घ्या : हंगामात तो जाण्याची शक्यता, न मिळाल्यास थांबायचे दिवस, आणि दिवसाचा खर्च. तिघांचा गुणाकार एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात भाग सांभाळण्याचा वर्षाचा खर्च, साधारण किमतीच्या २० टक्के.

वॉटर पंप पाच हंगामांत एकदा जातो असं धरलं, तर ४ लाख ८० हजारांचा पाचवा भाग म्हणजे ९६,०००. सांभाळण्याचा खर्च १,८००. विचार कसला करायचा, ठेवा.

फायनल ड्राइव्ह ६ लाखांचा. जाण्याची शक्यता शंभरात दोन, थांबायचे दिवस २०. म्हणजे १६,००० विरुद्ध सांभाळण्याचे १,२०,०००. तुकडीत ठेवू नका. पण तशीच दहा यंत्रं एका प्रोजेक्टखाली असतील, तर पहिलं पारडं १ लाख ६० हजारांचं होतं आणि प्रोजेक्टच्या भांडारात एक ठेवणं परवडतं. मात्र "तशीच" हा शब्द विसरू नका. दहा यंत्रं चार कंपन्यांची असतील, तर हे गणित कोसळतं. सगळ्यांत कमी दराच्या निविदेने दर वर्षी वेगळी कंपनी आणली, की खरेदीत वाचलेले पैसे भांडारात जातात.

एका यंत्राचा भाग काढून दुसऱ्याला लावणं सगळीकडे चालतं, मी त्याला नाकं मुरडणार नाही. मार्चमध्ये बर्फ कापायचा असेल तर लावाच. पण काढलेल्या भागाची नोंद दोन्ही कागदांवर त्याच दिवशी करा आणि मागणीपत्रही त्याच दिवशी पाठवा. नाही तर उभं यंत्र हळूहळू सांगाडा होतं, आणि तीन वर्षांनी त्याच्या कागदावर फक्त "दुरुस्तीच्या प्रतीक्षेत" एवढंच असतं.

पायरी ७ : दुरुस्त करायचं, ओव्हरहॉल करायचं की कंडेम, म्हणजे बाद?

इथे भावना आड येतात. यंत्र जुनं झालं की ऑपरेटरचा जीव त्याच्यात अडकलेला असतो, आणि साहेबांना नवं मिळण्याची खात्री नसते. कागदाला मात्र जीव नसतो, त्याला विचारा.

दर वर्षाच्या शेवटी दोन गोष्टींची बेरीज करा : आजवर घटलेली किंमत आणि आजवरची सगळी दुरुस्ती. तिला आजवरच्या तासांनी भागा. समजा एका यंत्राचं असं चित्र आलं. चार वर्षांनी २,८०० तास, किंमत ६० लाखांनी घटली, दुरुस्ती १६ लाख : तासाला २,७१४. सहा वर्षांनी ४,२०० तास, घट ७८ लाख, दुरुस्ती ३४ लाख : २,६६७. आठ वर्षांनी ५,५०० तास, ९० आणि ५८ लाख : २,६९१. दहा वर्षांनी ६,६०० तास, १ कोटी आणि ९० लाख : २,८७९. आकडा उतरत येतो, तळ गाठतो आणि मग चढतो. तळ सहाव्या-सातव्या वर्षाच्या आसपास आहे. नव्या यंत्राची मागणी त्या वर्षी जायला हवी, दहाव्या वर्षी नव्हे. मागणी ते पुरवठा यात जेवढा काळ जातो, तेवढा त्याहीआधी.

मोठ्या दुरुस्तीचा अंदाज आला, की बीईआर, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेली का, हे ठरवायला मागचा खर्च विसरा. "आत्ताच तर दहा लाख घातलेत" हा युक्तिवाद नाही, ते पैसे गेले. पुढचे बघा. ओव्हरहॉलला, म्हणजे यंत्र पूर्ण उघडून पुन्हा उभं करायला, २८ लाख लागतील आणि त्यातून २,५०० तास मिळतील, तर तासाला १,१२०. त्यात पुढची किरकोळ दुरुस्ती ९०० धरली, तर २,०२०. हे वरच्या तळाच्या २,६६७ पेक्षा कमी, तर करा. पण मेकॅनिक खासगीत म्हणाला की "साहेब, बाराशे तासांवर नाही जाणार", तर तासाला २,३३३ आणि ९०० मिळून ३,२३३. कंडेम करा. सगळा निर्णय त्या एका तासांच्या आकड्यावर उभा आहे. तो आकडा वर्कशॉपच्या फॉर्मपेक्षा त्या मेकॅनिकला जास्त माहीत असतो.

अडचण अशी, की दुरुस्ती महसुली हेडमधून होते आणि नवं यंत्र भांडवली. परवडणारा पर्याय माहीत असूनही तो ज्या खिशात आहे, तिथे तुमचा हात पोचत नाही. यात थोडा बदल झाला आहे. निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींवरून, आधुनिक यंत्रं खरेदी करण्याचे बीआरओचे अधिकार साडेसात कोटींवरून १०० कोटींवर नेले गेले. २०२० मध्ये हे जाहीर झालं, तेव्हा बर्फ कापणारी स्वयंचलित एफ-९० मालिकेतली यंत्रं आणि दुरून चालवायची रॉक ड्रिल ताफ्यात आल्याचंही सांगितलं गेलं. त्याच वर्षीच्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत भाड्याने घेण्याचा मार्गही खुला झाला.

भाड्याच्या यंत्राबद्दल माझं मत सावध आहे. ९० दिवसांच्या कामासाठी क्रेन किंवा हॉट मिक्स (डांबर-खडी मिसळणारा) प्लांट भाड्याने घेणं शहाणपणाचं. पण भाड्याचा तासाचा दर वहीतल्या १,२८५ शी ताडून "महाग" म्हणू नका आणि "दुरुस्तीची कटकट नाही" म्हणून भाळूही नका. ७,३६९ शी ताडून बघा. आणि करारात एक ओळ घालून घ्या : यंत्र बंद पडल्यावर किती तासांत चालू किंवा बदली, आणि न झाल्यास दिवसाला किती कपात. कपातीचा आकडा पायरी ६ मधल्या ४०,००० वरून येईल.

पायरी ८ : जे चालतच नाही त्याचा हिशोब

लष्करी अभियंत्यांकडे असंही सामान असतं, ज्याचे तास कधी भरतच नाहीत. पूल. दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचा सर्वत्र पूल ट्रकवरून पाच भागांत जाऊन ७५ मीटरचा प्रवाह ओलांडतो. याच प्रयोगशाळेच्या दहा मीटर लांबीच्या छोट्या पुलाचे पहिले १२ संच २ जुलै २०२१ रोजी लष्करात आले. शांततेच्या वर्षात असा पूल सरावाला मोजके दिवस निघतो. त्याचा खर्च तासाने काढलात, तर आकडा इतका भयंकर येईल की कुणी तरी तो विकायला काढेल.

त्याची मोजदाद तयारीच्या दिवसांत करा. वर्षभराचा देखभाल खर्च, भागिले ज्या दिवशी तो खरंच टाकता आला असता असे दिवस. इथे झीज घड्याळाने नाही, कॅलेंडरने होते : होजपाइप, सील, टायर वापरले नाहीत तरी म्हातारे होतात. हायड्रॉलिक तेलात पावसाळ्याचा ओलावा उतरतो. म्हणून या सामानाची सर्व्हिस तासांवर नाही, तारखांवर लावा. महिन्यातून एकदा पूर्ण हालचाल करून बघा आणि होजवर बसवल्याची तारीख रंगाने लिहा. उभ्या सामानाच्या बजेटला कात्री लावायला सगळ्यात सोपं असतं, कारण वर्षभर काहीच बिघडत नाही.

पायरी ९ : कागद बंद करताना

यंत्र कंडेम झालं, लिलावाच्या यादीत गेलं, की त्याचा कागद फाइलबंद होतो आणि ती फाइल धूळ खाते. तसं करू नका. त्यावर त्या साइटवरच्या चेनचं खरं आयुष्य आहे, कोणता पंप किती तासांनी जातो ते आहे, कोणता भाग यायला किती दिवस लागतात ते आहे. नवं यंत्र उतरवाल त्या दिवशी हे तीन आकडे काढून त्याच्या कोऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहा, आणि त्यावरून पहिली सुट्या भागांची मागणी पहिल्याच आठवड्यात पाठवा. वॉरंटी आहे म्हणून थांबू नका. वॉरंटीत भाग फुकट मिळतो. घाट बंद असेल तर वर कोण आणणार?